हिवाळी पाणथळीवर पक्षी ओळखायचे आणि मोजायचे कसे: क्रम चुकू नये म्हणून

पाणथळीवर पक्षी बघायला गेलेल्यांच्या नोंदी वाचल्या की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ‘बदकं, भरपूर.’ ‘लहान चिखलपक्षी, २० ते १००.’ पुस्तक जवळ असतं, दुर्बीणही बरी असते. चुकतो तो क्रम. थवा दिसताच लोक काठाकडे चालू लागतात, मग कॅमेरा काढतात, मग रंगावरून नाव शोधतात आणि मोजायचं आठवतं तेव्हा अर्धा थवा उडून गेलेला असतो. खाली दिलेला क्रम याच्या बरोबर उलट आहे: प्रकाश, अंतर, मोजणी, आकार आणि सगळ्यात शेवटी रंग. पायऱ्या भारतात हिवाळा काढणाऱ्या पाणपक्ष्यांना धरून लिहिल्या आहेत.

१. घरीच करून ठेवायचं काम: दुर्बिणीची जुळणी

दुर्बीण ८×४२ किंवा १०×४२ असावी (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा). ८ पट मोठं दाखवणारी हातात कमी हलते आणि एका वेळी जास्त पाणी दाखवते, म्हणून नवख्याने तीच घ्यावी. तलाव मोठा असेल तर २० ते ६० पटीची स्पॉटिंग स्कोप आणि तिला पेलेल असा ट्रायपॉड लागतो. स्कोपचा वापर २० ते ३० पटींतच करावा. त्यापुढे गेलं की पक्षी मोठा दिसतो खरा, पण प्रतिमा काळवंडते आणि पाण्यावरची हवेची थरथरही तितकीच मोठी होते.

दुर्बीण ‘धूसर दिसते’ अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी डायॉप्टर, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक भरून काढणारी जुळणी, कधी लावलेलाच नसतो. तो असा लावतात:

- दोन्ही नळ्या डोळ्यांच्या अंतराप्रमाणे उघडा. दोन वर्तुळांचं एक वर्तुळ झालं पाहिजे.
- चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप आत दाबा, नसेल तर पूर्ण बाहेर काढा.
- २०-३० मीटरवरची अक्षरं असलेली पाटी निवडा. उजव्या बाजूच्या पुढच्या भिंगावर तळहात ठेवा, दोन्ही डोळे उघडेच ठेवा आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरं स्पष्ट करा.
- आता डावं भिंग झाका. मधल्या चाकाला हात न लावता डायॉप्टरची कडी फिरवून तीच अक्षरं उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. कडी सहसा उजव्या नेत्रिकेवर असते. काही दुर्बिणींत ती मधल्या चाकाजवळ असते.
- कडीवरची खूण कुठे आली ते लक्षात ठेवा. दुर्बीण दुसऱ्याच्या हातात जाऊन आली की ती खूण आधी बघायची.

तपासून पाहा: दहा मिनिटं सलग बघून डोळ्यांमागे ताण जाणवला तर नळ्यांमधलं अंतर किंवा डायॉप्टर चुकलेला आहे. पुन्हा पहिल्यापासून करा.

सोबत छोटी वही आणि शिसपेन्सिल ठेवा. दवाने ओलसर झालेल्या कागदावर बॉलपेन उठत नाही. कपडे मातकट किंवा मळकट हिरवे घ्या. पांढरा शर्ट लांबूनही पक्ष्यांच्या नजरेत भरतो.

२. महिना, तास आणि काठ

भुवई बदक, म्हणजे गार्गनी, सगळ्यांच्या आधी येतं, ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्येच. बाकीची बदकं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उतरतात. पण त्या वेळी बरेच नर मादीसारखेच तपकिरी असतात. विणीनंतर ते रंगीत पिसं टाकून फिकट वेष घेतात आणि रंग हळूहळू परत येतो. त्यामुळे शिकायला सगळ्यात सोयीचा काळ डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. संख्या स्थिरावलेली असते आणि बहुतेक जातींचे नर ओळखू येतात. अपवाद पुन्हा भुवई बदकाचा. त्याच्या नराची पांढरी भुवई नीट दिसायला बऱ्याचदा फेब्रुवारी उजाडतो.

तासांचं म्हणाल तर सूर्योदयापासून पहिले तीन तास आणि सूर्यास्ताआधीचे दोन. मधल्या वेळेत पाण्यावरची हवा तापून हलते आणि लांबची बदकं उकळल्यासारखी दिसतात. दाट धुक्यात मोजणी सुरूच करू नये. धुकं उठल्यावर आधीचे आकडे निकामी ठरतात.

काठ कोणता घ्यायचा हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि निम्म्या चुकीच्या ओळखी तिथेच जन्मतात. सूर्य समोर असेल तर प्रत्येक बदक काळं दिसतं. सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे बघा, संध्याकाळी पश्चिमेच्या काठावरून पूर्वेकडे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेचा काठ मिळाला तर उत्तरेकडे तोंड करून जवळजवळ दिवसभर चांगला प्रकाश मिळतो. निघण्याआधी नकाशावर बांध, मनोरा आणि दिशा जुळवून घ्या.

पाण्याची पातळीही विचारून घ्यावी. तलाव काठोकाठ भरलेला असेल तर चिखलपक्ष्यांना पाय टेकायला जागाच नसते. पाणी उतरून चिखलाचा पट्टा उघडा पडला की ते येतात. वारा जोराचा असेल तर बदकं वाऱ्याच्या आडोशाला, शांत पाण्यात गोळा झालेली असतात. तिकडे आधी बघा.

३. जवळ जाताना

पक्षी दिसताच थांबा. पहिलं निरीक्षण २००-२५० मीटरवरूनच करायचं आणि नंतर गरज असेल तरच पुढे सरकायचं. पुढे जाताना थव्याच्या दिशेने सरळ चालू नका, तिरकं जा, मधे मधे थांबा. बांधाच्या माथ्यावर उभं राहिलं की माणसाची आकृती आकाशावर उठून दिसते. बांधाच्या उताराला किंवा झुडपाला पाठ लावून उभं राहा.

थवा उडण्याआधी इशारे देतो. चरणं थांबतं. खाली असलेल्या माना एकामागून एक ताठ उभ्या राहतात. मग सगळी बदकं एकाच दिशेला, तुमच्यापासून लांब पोहू लागतात. वारकरी, म्हणजे कूट पक्षी, असतील तर ते दाटीने एकत्र येतात. माना वर येताना दिसल्या त्याच जागी थांबा आणि दोन पावलं मागे या. पक्षी पुन्हा चरू लागले तर अंतर ठीक आहे. नाही लागले तर आणखी मागे या.

हा केवळ शिष्टाचाराचा मुद्दा नाही. या पक्ष्यांनी लांबचा प्रवास केलेला आहे आणि परतीच्या प्रवासासाठी त्यांना अंगात चरबी साठवायची आहे. एकदा उठवलेला थवा चरण्याचा वेळ गमावतो आणि उडण्यात ताकदही घालवतो. दिवसभरात पाच गट आले आणि प्रत्येकाने एकेकदा थवा उठवला तर त्या पक्ष्यांचा दिवस वाया जातो. दगड मारून किंवा टाळ्या वाजवून ‘उडतानाचा फोटो’ घेणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय ड्रोन उडवणं तर सरळ गुन्हा आहे.

खबरदारी: दलदलीवर घिरट्या घालणारा मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी आला की थवे आपोआप उठतात. अशा वेळी मोजणी थांबवा. पक्षी पुन्हा बसून चरू लागेपर्यंत १०-१५ मिनिटं थांबून पहिल्यापासून मोजा. अर्धी जुनी आणि अर्धी नवी मोजणी जोडू नका.

४. आधी मोजा

नाव कळलं नाही तरी चालेल, आकडा आधी घ्या. पक्षी कधीही उडू शकतात. ओळख मागाहून फोटोवरून पटवता येते, पण उडून गेलेल्या थव्याची संख्या कुठूनच मिळत नाही.

आधी नुसत्या डोळ्यांनी पाण्याचे भाग पाडा. वाळलेलं झाड, विजेचा खांब, बेटाचं टोक अशा न हलणाऱ्या खुणा धरा. मग दुर्बिणीने डावीकडून उजवीकडे एकेक भाग घ्या. थवा ज्या दिशेला सरकत असेल तिच्या उलट दिशेने मोजत जा, म्हणजे तेच पक्षी पुढे येऊन दोनदा मोजले जात नाहीत.

शंभरापर्यंत एकेक मोजा. त्यापुढे ठोकळ्याची पद्धत वापरा:

- थव्याच्या एका टोकाचे १० पक्षी खरोखर मोजा आणि त्यांनी किती जागा व्यापली ते नजरेत बसवा.
- शेजारी तेवढ्याच जागा धरत ५० किंवा १०० चा ठोकळा तयार करा.
- तो ठोकळा थव्यावर सरकवत न्या. थव्याची कड विरळ आणि मधला भाग दाट असतो, म्हणून कडेवर बनवलेला ठोकळा मध्यावर तसाच वापरला तर आकडा कमी येतो. दाट भागासाठी १० पक्षी पुन्हा मोजून ठोकळा नव्याने बांधा.
- तीनदा मोजा आणि मधला आकडा लिहा.

मिश्र थव्यात प्रत्येक जात वेगळी मोजायचा प्रयत्न केला की गोंधळ उडतो. एकूण संख्या आधी घ्या, मग थव्याच्या चार वेगवेगळ्या जागी स्कोप लावून प्रत्येक ठिकाणी ५० पक्ष्यांची जात मोजा. समजा एकूण ८०० पक्षी आहेत. २०० च्या नमुन्यात थापट्या ११०, तलवार बदक ६० आणि गडवाल ३० निघाले. म्हणजे प्रमाण ५५, ३० आणि १५ टक्के, आणि अंदाज ४४०, २४० आणि १२०. नमुने एकाच टोकाचे घेतले तर हे गणित कोसळतं, कारण एका जातीची बदकं थव्यातही जवळजवळ राहतात.

बुडी मारणाऱ्या बदकांचं आणि टिबुकल्यांचं वेगळं आहे. दर क्षणी त्यांतले काही पाण्याखाली असतात. त्यांचा भाग सलग तीनदा मोजून सगळ्यात मोठा आकडा घ्या. इथे मधला आकडा चालत नाही.

५. बदकांची ओळख: आधी गट

पहिला प्रश्न: हे बदक आहे का? काळाकुट्ट अंग, पांढरी चोच, तिच्यावर कपाळापर्यंत गेलेलं पांढरं कवच आणि पोहताना मान पुढेमागे हलणारी, तर तो वारकरी म्हणजे कूट. तो पाणकोंबड्यांच्या कुळातला. बदकांच्या आकड्यात त्याला मिसळणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे.

दुसरा प्रश्न: शेपूट पाण्याच्या वर आहे की पाण्याला टेकलेली? उथळ पाण्यात डोकं खुपसून, शेपूट वर करून चरणाऱ्या बदकांची शेपूट पोहतानाही वर असते आणि ती पाण्यातून थेट वर उडतात. थापट्या, तलवार बदक, गडवाल, विजन, चक्रांग, भुवई बदक आणि हळदी-कुंकू बदक ही सगळी त्यांतली. बुडी मारणारी, म्हणजे लालसरी आणि शेंडी बदक, पाण्यात खोल बसतात, शेपूट पाण्याला लागलेली असते आणि उडण्याआधी पाण्यावर धावतात.

तिसरा प्रश्न आकारमानाचा, आणि इथे सावध राहावं लागतं. एकट्या बदकाचा आकार दुर्बिणीतून ठरवता येत नाही. शेजारी वारकरी असेल तर त्याची फूटपट्टी करा. तो साधारण ४० सेंटीमीटर लांब असतो. चक्रांग त्याच्याहून किंचित लहान, तर तलवार बदक आणि चक्रवाक स्पष्टपणे मोठे.

६. माद्या आणि फिकट वेषातले नर

नर ओळखायला कोणतंही पुस्तक पुरतं. लोक अडतात ते तपकिरी ठिपकेदार बदकांपाशी, आणि त्यांना ‘मादी, नाव माहीत नाही’ म्हणून सोडून देतात. अंगाचा रंग विसरा. चोच, डोक्याचा आकार आणि पंखावरचा आरशासारखा चमकणारा पट्टा, याच क्रमाने बघा.

थापट्याची मादी चोचीवरून लांबूनही कळते: डोक्याहून लांब, टोकाला पसरट आणि कडा नारिंगी. तिचं अंग पुढून जड, पाण्यात पुढे झुकल्यासारखं वाटतं. तलवार बदकाची मादी बारीक आणि लांब मानेची, साध्या तपकिरी डोक्याची, करड्या चोचीची. शेपूट नराइतकी लांब नसली तरी टोकदार असते. गडवालच्या मादीची चोच मधे गडद आणि दोन्ही बाजूंना नारिंगी. पंख जरा सरकला तर छोटा पांढरा चौकोन दिसतो आणि तो दिसला की विषय संपला. विजनची मादी गोल डोक्याची, आखूड निळसर-करड्या चोचीची आणि कुशीला तांबूस असते. विजन काठावर येऊन गवत चरतात, तेव्हा पांढरं पोटही दिसतं.

सगळ्यात अवघड जोडी चक्रांग आणि भुवई बदकाच्या माद्यांची. चेहरा बघा. भुवई बदकाच्या मादीच्या चेहऱ्यावर आडव्या फिकट आणि गडद रेघा असतात, चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका असतो आणि गळा पांढरा असतो. चक्रांगचा चेहरा बराच साधा, चोच आखूड आणि शेपटीच्या मुळाशी बाजूला एक फिकट रेघ. ही रेघ दिसली तर शंका उरत नाही.

हळदी-कुंकू बदकात नर-मादीचा घोळच नाही. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके. ते इथलंच, बारमाही. हिवाळी पाहुण्यांच्या यादीत त्याला घालू नका.

बुडी मारणाऱ्यांत एक चूक ठरलेली आहे. शेंडी बदकाच्या मादीला कधी कधी शेपटीखाली पांढरं असतं आणि लोक तिला फेरुजिनस डक लिहून मोकळे होतात. डोळा बघा. शेंडी बदकाचा डोळा पिवळा असतो आणि डोक्यामागे तुऱ्याचा ठेंगू अंकुर दिसतो. फेरुजिनसच्या नराचा डोळा पांढरा, मादीचा गडद तपकिरी, आणि तुरा नसतो.

तपासून पाहा: प्रत्येक ओळखीमागे रंग सोडून किमान दोन खुणा वहीत लिहिता येतात का? येत नसतील तर ओळख कच्ची आहे.

फिकट वेषातही प्रौढ नराच्या पंखावरची खूण बदलत नाही. म्हणून ऑक्टोबरमध्ये तपकिरी थवा उडाला तर अंग न बघता पंख बघा. पंखाचा पुढचा भाग फिकट निळा असेल तर थापट्याचा नर, फिकट निळसर-राखी असेल तर भुवई बदकाचा, मोठा पांढरा पट्टा असेल तर विजनचा. अंगाजवळ पंखाच्या मागच्या कडेला पांढरा चौकोन असेल तर तो गडवाल.

७. चिखलपक्षी: पाय, चोच, मग पाठ

राखी-तपकिरी पक्ष्यांची गर्दी बघून लोक हात टेकतात, पण इथेही तीन प्रश्न पुरतात. चोच डोक्याच्या तुलनेत किती लांब? सरळ, वर वळलेली की खाली? पायांचा रंग कोणता? शेकाट्याचे लांबलचक गुलाबी-लाल पाय सगळ्यांना ओळखता येतात, म्हणून तोच मापाला घ्या आणि बाकीच्यांना त्याच्या शेजारी ठेवून बघा.

- कॉमन सँडपायपर, म्हणजे तुतवार: पंखाच्या घडीपुढे पांढरी पाचर खांद्याकडे चढते, शेपूट सतत वरखाली. उडताना पाण्यालगत, पंख ताठ.
- वुड सँडपायपर: डोळ्यामागेपर्यंत जाणारी स्पष्ट पांढरी भुवई, पाठीवर ठळक ठिपके, पिवळसर पाय. पंखाची खालची बाजू फिकट.
- ग्रीन सँडपायपर: पाठ गडद, भुवई फक्त डोळ्यापुढे. उडताना पंखाची खालची बाजू काळपट आणि कमरेचा पांढरा रंग लख्ख.
- ग्रीनशँक आणि मार्श सँडपायपर: दोघांच्याही पाठीवर पांढरी पाचर. ग्रीनशँक मोठा, चोच जाड आणि किंचित वर वळलेली. मार्शची चोच सरळ आणि अतिशय बारीक.
- लिटल स्टिंट आणि टेमिंक्स स्टिंट: पायांवरून. लिटलचे काळे, टेमिंक्सचे पिवळसर. ओल्या चिखलाने पाय माखले असतील तर थांबा, पाण्यातून चालून आल्यावर बघा.
- रफ: नर मादीपेक्षा बराच मोठा असतो, त्यामुळे एकाच थव्यात दोन जाती आहेत असं वाटतं. लहान डोकं, फुगीर अंग आणि पाठीवर खवल्यासारखी नक्षी, तर दोन्ही रफच.

टिपून घेण्यासारखी सवय: चिखलपक्षी उडताना आवाज करतात. पक्षी दिसत असताना त्याचा आवाज ऐकला तर जसा ऐकू आला तसाच देवनागरीत लिहून ठेवा. ग्रीनशँकचं ‘ट्यू-ट्यू-ट्यू’ एकदा कानात बसलं की पुढच्या वेळी मान वळवण्याआधी नाव सुचतं.

८. नोंद

नोंद जागेवरच करा. घरी येऊन आठवणीतून लिहिलेल्या यादीत न पाहिलेले, पण ‘असायलाच हवेत’ असे पक्षी घुसतात. सुरुवातीची वेळ, एकूण वेळ, चाललेलं अंतर, उभं राहायची जागा, प्रकाश आणि वारा आधी लिहा. मग जात आणि आकडा. आकडा अंदाजाचा असेल तर शेजारी ‘अं.’ लिहा. ‘५०-१००’ असं लिहू नका. आपला सर्वोत्तम एकच आकडा द्या.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना एकाच जागी उभं राहून केलेली नोंद आणि चालत केलेली नोंद वेगळी ठेवा. दोन तलाव एका यादीत घालू नका. ओळखलेले सगळे पक्षी, अगदी कावळा आणि धोबीसुद्धा, यादीत असतील तरच ती पूर्ण यादी म्हणून नोंदवा. आकड्याच्या जागी ‘एक्स’ टाकायची सोय आहे, पण तिचा मोजणीला काही उपयोग नाही. ओळख दोन जातींमध्ये अडकली तर ‘वुड किंवा ग्रीन सँडपायपर’ असा पर्याय निवडा. चुकीच्या नावापेक्षा तो शंभरपट कामाचा.

जानेवारीत एशियन वॉटरबर्ड सेन्सस होतं. १९८७ पासून चालू असलेली ही गणना स्वयंसेवकांवर उभी आहे. त्यात उतरायचं असेल तर डिसेंबरमध्येच त्या पाणथळीवर एकदा जाऊन खुणा, काठ आणि उभं राहायच्या जागा ठरवून या आणि तिथे आधीपासून मोजणाऱ्यांशी भाग वाटून घ्या. दोन गटांनी एकच कोपरा मोजला की आकडा फुगतो.

९. मेलेला किंवा पांगळा पक्षी दिसला तर

हात लावू नका, फोटोसाठी उचलून धरू नका. पाणपक्ष्यांत बर्ड फ्लू आणि बॉट्युलिझम (जिवाणूंच्या विषाने येणारा लुळेपणा) दोन्ही आढळतात. लांबूनच फोटो घ्या. जात, संख्या, नेमकी जागा आणि वेळ लिहा आणि लगेच वनविभागाच्या कर्मचाऱ्याला कळवा. मान टाकलेली, पंख न उचलता येणारी पण जिवंत बदकं एकाहून जास्त दिसली तर ते फोनवर आवर्जून सांगा. त्या दिवशी बाहेर पडताना बुटांचा चिखल तिथेच धुवा, घरी साबणाने हात धुवा आणि तेच बूट घालून त्याच दिवशी दुसऱ्या पाणथळीवर किंवा कोंबड्यांच्या शेडमध्ये जाऊ नका.